चाकाखालचं पोतं

मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून वर बघू नका. माझा सगळा जन्म गाडीच्या पोटाखाली गेला. मला बघायचं तर माणसाला चिखलात आडवं व्हावं लागायचं.

मी एका पिकअप गाडीचा डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी मडक्यासारखा एक फुगवटा असतो. त्यात तेलात बुडून मी बारा वर्षं फिरलो. गॅरेजवाले मला नुसतं ‘डिफरन्स’ म्हणतात. आता मी फिरत नाही. गाडीच्या मागच्या हौद्यात, जुन्या पोत्यात गुंडाळून पडलेला असतो. थकलोय. बोलणं कुठं रेंगाळलं तर सांभाळून घ्या.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते, नव्या तेलाचा वास आठवतो. एका कामगारानं माझ्या पोटात चार लहान दातेरी चाकं बसवली, बोटानं फिरवून पाहिली आणि तो पुढच्याकडे वळला. एवढंच माझं बारसं.

माझं काम सोपं होतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापायचा असतो, आतल्याला कमी. मी मध्ये बसून दोघांना आपापल्या चालीनं चालू द्यायचो. पण माझ्यात एक उणीव होती. एका चाकाखालची जमीन सुटली, की ते गरगर फिरायला लागतं, आणि गाडीचा सगळा जोर मी त्याच्याकडेच जाऊ देतो. दुसरं चाक कोरड्या जमिनीवर धड उभं असतं, ते तसंच उभं राहतं. गाडी जागेवर. मला घडवलंच तसं होतं. पण चिखलात अडकलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

माझी गाडी घेतली जिनपाल आणि त्रिशला या नवराबायकोनं. सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या एका गावात त्यांची रोपवाटिका होती. उसाची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि लागणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या रानात नेऊन पोचवायची. रानं काळी, नदीकाठच्या मळीची. पावसाळ्यात त्या मातीत पाय घातला तर चप्पल आत राहून पाय वर यायचा. तिथं माझी काय कथा?

म्हणून हौद्यात कायम एक तागाचं पोतं असायचं. गाडी रुतली की त्रिशला उतरायची, पदर खोचायची आणि पोतं दुमडून रुतलेल्या चाकापुढं सारायची. मग बाजूला होऊन हौद्याच्या फळीवर हाताची थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. दोन थापा पडल्या की जिनपाल हळूच ॲक्सिलरेटर दाबायचा, चाक पोत्यावर चढायचं आणि आम्ही बाहेर.

पहिल्याच वर्षी एकदा चूक झाली. चाक नुसतं फिरत होतं आणि जिनपालला पाय काढायला उशीर झाला. चाकानं पोतं ओढून घेतलं, त्याबरोबर त्रिशलाच्या मनगटाला हिसका बसला. दोन आठवडे तिचा हात गळ्यात होता. त्या दिवसापासून जिनपालच्या पायाला एक सवय लागली. चाक फिरल्याची नुसती चाहूल लागली तरी पाय वर. आधी आरशात बघायचा, तिच्या लुगड्याचा काठ बाजूला सरकलेला दिसला आणि दोन थापा ऐकल्या, की मगच पाय खाली. अकरा वर्षं मी तो पाय ओळखत होतो.

ती दोघं भांडायचीही त्याच चिखलात. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं. सूर्य कलायला लागला की त्रिशलाची घाई सुरू.

“आवं, दाबा की जरा! तुमच्या या गाडीपायी आज बी उपास घडणार बघा.”

“गाडीला का बोलतीस? पोतं तिरकं टाकलंस तू.”

“मग उतरा आणि तुमी टाका सरळ. मी बसते गाडीवर.”

“बस की. थेट नदीत नेशील.”

मग दोन थापा. दुसरी जरा जास्तच जोरात.

नंतर ती आजारी पडली. आजाराचं नाव मी ऐकलं होतं, सांगत नाही. वर्षभर आमची एकच वाट होती, घर ते मिरजेचा दवाखाना आणि दवाखाना ते घर. जिनपाल इतकी हळू वळणं घ्यायचा, की माझ्या पोटातली चाकं जेमतेम हलायची. रोपवाटिकेचं शेडनेट फाटलं, ट्रे वाळले, ठरलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. जिथली जमीन सुटली होती तिथंच त्या घराचा सगळा जोर गेला. मला नवल वाटलं नाही. मी दुसरं काय करत आलो होतो?

एका बुधवारी मिरजेहून परत निघालो तेव्हा केबिनमध्ये जिनपाल एकटाच होता. पुढं ॲम्ब्युलन्स चालली होती. दारात पोचल्यावर तो उतरून आत गेला आणि इंजिन बंद करायचं विसरला. बऱ्याच वेळानं शेजारच्या कुणीतरी चावी फिरवली.

चार महिन्यांनी त्यानं शेडनेट शिवून घेतलं. नव्यानं रोपं लावली. पहिली मागणी राहीबाईंची आली. सत्तरीच्या, नदीलगतचं रान स्वतः बघणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. ट्रे भरून आम्ही निघालो आणि त्यांच्या रानाकडं जाणाऱ्या पाणंदीत थोडं आत गेल्यावर डावं चाक रुतलं.

जिनपाल उतरला. पोतं काढलं, चाकापुढं सारलं, धावत जाऊन केबिनमध्ये बसला. चाक फिरलं, पाय वर. पोतं सरकलं. पुन्हा उतरला, पुन्हा सारलं, पुन्हा धावला. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी नेहमीसारखा सगळा जोर त्या रुतलेल्या चाकाला देत होतो. दुपार झाली, ऊन लागून ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली. शेवटी राहीबाईंनी ट्रॅक्टर बोलावून आम्हाला ओढून काढलं. घरी पोचेस्तोवर दिवस मावळला होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी मुलीचा, चंदनाचा, साताऱ्याहून फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“अण्णा, राहीआज्जींनी कळवलं मला. विकून टाका ती गाडी. तासगावला एक बेदाण्याचे व्यापारी आहेत, त्यांना हवीच आहे. आणि तुम्ही इकडे या, आमच्याजवळ.”

“तिथं येऊन काय करू मी?”

“इथं काय करताय? एकट्यानं होणारं काम आहे का ते?”

तो म्हणाला, “एक फेरी करू दे मला. राहीबाईच्या रानातनं गाडी एकट्यानं भायेर काढली तर ठेवीन. न्हाई निघाली तर पाठव त्या व्यापाऱ्याला.”

“बरं. पण मी त्यांना रविवारी यायला सांगून ठेवते, त्याआधी करा.”

मिरजेच्या वाटेवर धनाजीचं गॅरेज होतं. त्यानं गाडी जॅकवर उचलली, माझं झाकण उघडलं आणि टॉर्च मारून बघितलं.

“अण्णा, ह्यो साधा डिफरन्स हाय. ह्याच्याकडनं चिखलातलं काम व्हायचं न्हाई. स्वस्तात पायजे असलं तर वेल्डिंग मारतो आतल्या गियरला. दोन्ही चाकं कायमची जखडली.”

“मग डांबरीवर वळताना?”

“वळताना टायर बोंबलणार. कवातरी ॲक्सल मोडणार.”

“मग ते नको.”

मी मनात त्याचे आभार मानले. जखडून जगण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं.

“नवा लॉकवाला, गरजंपुरती दोन्ही चाकं जखडणारा, घ्यायचा म्हटलं तर तुमचं कंबरडं मोडंल,” धनाजी म्हणाला. “साताऱ्याला माझ्या वळखीचा एक भंगारवाला हाय. तिथं एक गाडी मोडायला आलीय, पाटणच्या डोंगरात दूध वाहत होती. हीच जात, फकस्त नंतरचं मॉडेल. तिच्यात लॉकवाला हाय. त्यो आणा. पर दातं मोजून आणा बरं का. डिफरन्सवरच्या मोठ्या दातेरी चाकाचं दातं तुमच्याशी जुळलं न्हाईत तर तुमचं मोठं चाक तेच ठिवायचं आणि फकस्त मधला गाभा बदलायचा.”

गाभा म्हणजे मी.

साताऱ्याची ती फेरी माझी शेवटची. जिनपालनं भंगाराच्या ढिगाजवळ उकिडवं बसून खडूनं खूण करत दाते मोजले. मोठ्या चाकाचे जुळले नाहीत. त्यानं गाभा तेवढा घेतला. चंदनाच्या घरी चहा प्यायला थांबला, पण गाडीवरची नजर हटवली नाही. मग आम्ही कऱ्हाडवरून परत आलो. माझा वारस माझ्याच डोक्यावर, हौद्यात खडखडत होता.

धनाजीनं मला खोललं आणि तेलकट फरशीवर ठेवलं. साताऱ्याच्या गाभ्याला नव्या बेअरिंग घातल्या, माझ्या जागी बसवलं, ताजं तेल भरलं. मला उजेडात इतका वेळ राहायची सवय नव्हती.

“ह्यो टाकतो भंगारात,” धनाजी म्हणाला.

“राहू दे. हौद्यात ठेव. मागं वजन असलं की चाक धरतंय.”

“आवं, दहा-बारा किलोचं ते काय वजन? वाळूची पोती टाका की.”

“ती बी टाकतो.”

धनाजीनं त्याच्याकडं बघितलं आणि मला उचलून हौद्यात ठेवलं. मग हात पुसत म्हणाला, “आता नीट ऐका. ह्यो आपोआप लॉक होतो, पर एक चाक जरा जोरात फिरलं तरच. म्हंजी चाक फिरायला लागलं की पाय काढायचा न्हाई. धरून ठिवायचा. ‘टक’ आवाज आला की समजा झालं काम. पाय काढला की संपलं.”

“पाय काढायचा न्हाई,” जिनपाल म्हणाला.

“लय सोपं हाय.”

शनिवारी सकाळी ट्रे भरले. हौद्यात दोन वाळूची पोती, मी, आणि ते तागाचं पोतं. राहीबाई पाणंदीच्या तोंडाशी काठी टेकून उभ्या होत्या.

“आलास व्हय? ट्रॅक्टर सांगून ठेवू का आधीच?”

“नको, आज्जी.”

“बघ बाबा. रोपं वाळवलीस तर तुलाच लावायला लावीन.”

आम्ही आत शिरलो. त्याच जागी डावं चाक खाली गेलं. उजवं बांधाच्या हरळीवर घट्ट होतं. चाक फिरलं आणि त्याच क्षणी जिनपालचा पाय वर आला. गाडी थांबली. टक नाही, काही नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. चाक फिरलं, पाय वर. मी हौद्यातून सगळं ओळखत होतो. साताऱ्याच्या त्या नव्या गड्याला काय माहीत? तो वाट बघत होता चाक जोरात फिरण्याची. आणि पुढं बसलेला माणूस वाट बघत होता दोन थापांची.

तिसऱ्या वेळी तो केबिनमधून मान वळवून आरशात बघत राहिला. आरशात पाणंद होती, ऊस होता, लांब राहीबाई होत्या. चाकाजवळ कुणी नव्हतं.

“आरं, का थांबलास?” राहीबाई ओरडल्या. “मागं कोन न्हाई! दाब की!”

तो तसाच बसला. मला वाटलं, संपलं. उद्या तासगावचा माणूस येणार.

मग त्यानं हात बाहेर काढून आरसा मुडपला. आता त्यात मागचं काहीच दिसत नव्हतं. पाय खाली आला. चाक फिरलं, चिखल उडाला, हौद्याच्या फळीवर सपासप आदळला. पाय वर आला नाही. चाक आणखी जोरात फिरलं. पाय तिथंच.

टक.

उजव्या चाकानं हरळी धरली. गाडी एकदा कण्हली आणि चालत सुटली. थेट लागणीच्या सरीपर्यंत.

ट्रे उतरवायला दुपार झाली. रिकामी गाडी त्याच चिखलातून परत आली, न थांबता. बाहेर पडल्यावर राहीबाईंनी गाडीला हात लावून बघितला, जणू जनावर आहे.

“दिस हाय अजून,” त्या म्हणाल्या. “जेवायला गाठशील घर.”

“व्हय.”

पाणंदीच्या तोंडाशी त्यानं गाडी उभी केली आणि फोन लावला.

“निघाली गाडी,” तो म्हणाला.

“एकट्यानं, अण्णा?”

“एकट्यानं. त्या माणसाला येऊ नका म्हण.”

मग तो मागं आला. तागाचं पोतं कोरडं होतं, त्याला आज कुणी हात लावला नव्हता. त्यानं ते झटकलं, मला त्यात नीट गुंडाळलं आणि दोन वाळूच्या पोत्यांच्या मध्ये बसवलं, हलू नये म्हणून. हौद्याची फळी लावली. क्षणभर हात फळीवरच ठेवून उभा राहिला.

माझं मागणं मोठं नाही. मला भंगारात घालू नका. वजनाला म्हणून का होईना, इथं असू द्या. रुतलेल्या चाकाला सगळं देऊन टाकायची खोड माझ्याबरोबर गेली, पण या फळीमागची त्रिशलाची जागा मला माहीत आहे. ती आणखी कुणाला तरी माहीत असावी.

जिनपालनं फळीवर थाप मारली. मग आणखी एक.

आणि स्वतःच चालत पुढं जाऊन तो गाडीत बसला. बारा वर्षं मी त्या दोन थापांवर निघत आलो. आजही निघालो.