कड्याच्या अलीकडे

मनगटावर पांढरी पट्टी. कागदाचीच, पण फाटत नाही, घामानं कडेला रुतते... बाकीच्या तिघांच्या हिरव्या. उद्यान दोन देशांत पसरलेलं: कड्याच्या अलीकडे अमिरात, पलीकडे ओमान. हिरवी असेल त्यानं उद्यानभर हिंडावं, कड्यापलीकडच्या ओमानातही. पांढरीनं अलीकडेच थांबावं. फाटकावरच्या माणसानं हे मनोरमाला नव्हे, तिच्या मुलाला, सुजीतला समजावलं होतं, जणू तिला नकाशा कळत नसावा. तिला, जिनं साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं फळ्यावर देशांच्या सीमा काढल्या, तुटक रेघ, टिंब, तुटक रेघ, आणि एकही कधी पायांनी ओलांडली नाही.

दुबईत, करामातल्या मुलाच्या घरी महिनाभर पोळ्या लाटताना तिनं एवढं एकच मागितलं होतं: त्या कड्यावरून पलीकडे उतरायचं, डोंगर समुद्रात कसा बुडतो ते पाहायचं. आणि इथवर आणून सुजीत सांगत होता की तिचा व्हिसा एकदाच आत येण्याचा. पलीकडे पाऊल टाकलं की परत आत येता येणार नाही, खलास. अर्ज त्यानंच भरला होता.

"अर्ज भरताना मला वाटलं, तुला कुठे जायचंय दुसरीकडे," तो म्हणाला होता, सहज, पाण्याची बाटली तिच्या हाती देत.

सून सृष्टी संकोचली, मी थांबते म्हणाली. नात अस्मी म्हणाली, "इट्स ओके आजी, वी विल सेंड यू व्हिडिओज." आणि मनोरमा—

"जा रे. मला काय, मी बसते."

ते गेले. मागे वळून न पाहता, पूर्ण विश्वासानं.

आता छपराखालच्या बाकावर ती एकटी, आणि समोर तो उघडावाघडा, तपकिरी, उद्दाम डोंगर. कुठे जायचंय... मी कधी म्हटलं होतं, कुठे जायचं नाही म्हणून? संताप आधी फाटकावरच्या माणसावर गेला, मग व्हिसावर, मग मुलावर, आणि तिथून सरकत सरकत तिच्याच त्या वाक्यावर येऊन थांबला. मला काय. शिक्षकांची सहल हिमालयात निघाली तेव्हा हेच. नवरा मित्रांबरोबर नेपाळला गेला तेव्हाही हेच. वाक्य तिचं होतं, पाठ मात्र साऱ्यांना झालं होतं.

दोन तासांनी ते परतले, उन्हानं लाल, आनंदानं दमलेले.

"कंटाळली नाहीस ना, आई?"

सवयीचं 'छे' ओठांशी आलं. तिनं ते गिळलं.

"कंटाळले. आणि मला तुझा राग आलाय, सुजीत."

तो हसला, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. सृष्टीनं मान खाली घातली. मनोरमाला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही... संताप तेवढाच होता, फक्त आता तो तिच्या एकटीच्या पोटात नव्हता. चौघांच्या मध्ये, भर उन्हात, येऊन उभा होता, आणि त्याचं काय करावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच, तिनं ते त्यांच्यासाठी सोपं केलं नाही.