पाणी कशावर तापवायचं

आई गेली त्याला चार महिने झाले होते, आणि आमच्या घरात वाद चालला होता तो पाणी कशावर तापवायचं याचा.

धुळ्यात मे महिन्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर हात झटकन मागे घ्यावा लागतो. पण माझी भावजय ज्योत्स्ना बाळंतपणाला पाचोऱ्याला माहेरी गेली होती आणि पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन येणार होती. बाळंतिणीला आणि बाळाला सकाळी कढत पाणी लागतं, मग बाहेर ऊन असो की आग. आणि टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत कोमट होऊन जातं.

"गॅस गिझर आहे की," माझा धाकटा भाऊ, ज्योत्स्नाचा नवरा प्रशील, जेवता जेवता म्हणाला. "विजेच्या निम्म्यात काम. उन्हाळ्यात तर सिलेंडर संपता संपत नाही."

"बघू," आबा म्हणाले.

आमचे आबा सहकारी बँकेत कॅशियर होते. काड्यापेटी कोणत्या दुकानात स्वस्त मिळते, यावरही त्यांचं मत असतं. अशा माणसानं स्वस्तातल्या गोष्टीला नुसतं 'बघू' म्हणावं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझं लक्ष प्रशीलकडे होतं. मी सुट्टीत जळगावहून आले होते ती त्याच्यावर नजर ठेवायलाच, असं म्हटलं तरी चालेल.

आई जानेवारीत बाथरूममध्ये गेली. थंडी कडाक्याची होती. तिनं आतून कडी लावली, कपडे धुतले, अंघोळ केली आणि बाहेर आली नाही. दार तोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय होतं, रक्तदाब होता, कोणी पुढे काही विचारलं नाही. मी जळगावहून पोचले तेव्हा तिला हिरव्या साडीत ठेवलं होतं आणि शेजारच्या बायका म्हणत होत्या, किती शांत दिसते, गालांवर लाली आहे बघा, झोपल्यासारखी.

ती लाली माझ्या डोक्यातून गेली नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, वाचायला वेळ मिळतो आणि वाचलेलं विसरायची सवय नाही. बंद जागेत गॅस जळत राहिला की एक वायू तयार होतो, त्याला वास नसतो, माणसाला झोप आल्यासारखं होतं. त्या वायूनं गेलेल्या माणसाचा चेहरा फिका पडत नाही, गुलाबी राहतो. हे मी फेब्रुवारीत वाचलं आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा वाचलं.

बाथरूममधला तो गॅस गिझर प्रशीलनं आणला होता. बसवला तेव्हा आई फोनवर सांगत होती, बसवणारा म्हणत होता बाहेरच्या भिंतीला लावा, पण प्रशील म्हणतो आतच बरा, पाइप वाचतो. ती हसत होती. आबांचाच मुलगा, म्हणाली.

आणि आता तोच प्रशील त्याच गिझरची वकिली करत होता. बाळाला न्हाऊ घालताना वारं लागू नये म्हणून बाथरूमचं दार लावतात, खिडकी लावतात. आतमध्ये बाळ, बाळाची आई आणि भिंतीवर पेटलेला गिझर.

"आबा, तुम्ही सकाळी कशावर तापवता?" मी विचारलं.

"मी थंडच घेतो."

"गुडघे दुखतात ना तुमचे?"

"उन्हाळ्यात कशाला उगीच जाळायचं?" ते ताट घेऊन उठले.

दुपारी आबा जरा आडवे झाल्यावर मी बाथरूममध्ये गेले. वर छताजवळ हातभर झरोका आहे, त्याला लोखंडी जाळी. मी स्टुलावर चढले. झरोका मोकळा होता, गरम वारा तोंडावर आला. क्षणभर वाटलं, माझंच चुकतंय. मग जाळीच्या तारांत अडकलेल्या काड्या दिसल्या. पिवळट, कुरळ्या, बारीक. दोन दिवसांपूर्वीच मी आबांना कुलरच्या जाळ्यांत नवं गवत भरायला मदत केली होती, अजून हाताला त्याचा वास होता. हेच ते कुलरचं गवत. पावसाळा लागला की कुलरमधून निघतं आणि इकडेतिकडे उपयोगी पडतं, भांडी घासायला, भोकं बुजवायला.

झरोका कधीतरी गवतानं बुजवलेला होता. नंतर कोणीतरी तो मोकळा केला होता.

प्रशील गच्चीवर टाकीवर गोणपाट टाकत होता. उन्हानं सिमेंट भाजत होतं. मी काड्या त्याच्यापुढे धरल्या.

"हे कुठून आलं, माहीत आहे?"

त्यानं पाहिलं आणि खाली बसला.

"तू कोंबलंस?" मी विचारलं.

"नाही."

"मग काढलंस तरी?"

"ताई, हळू बोल."

"आईनं फोनवर मला सांगितलं होतं. पाइप वाचवायला आत लावलास तू. आणि आता बाळालाही त्याच—"

"पाइप मी वाचवला," तो म्हणाला. "तेवढं माझं. ते मी कुठे नाही म्हणतोय? रोज रात्री तेच घेऊन झोपतो. पण झरोका मी नाही बुजवला."

"मग कोणी?"

तो गोणपाटाच्या कडा सरळ करत राहिला. मग म्हणाला, "तिला बाहेर आणलं, सगळे तिच्याभोवती होते, तेव्हा मी परत आत गेलो. डोकं दुखायला लागलं. वर पाहिलं तर झरोका बंद. गवताचं पुडकं करून आत बसवलेलं. सुतळी बांधली होती, दोन उभ्या, एक आडवी. नोटांचं बंडल बांधतात तशी."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या घरात रद्दीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं तसंच बांधलं जातं, आणि बांधणारा एकच माणूस आहे.

"तिनंच सांगितलं असेल," प्रशील म्हणाला. "वारा येतो म्हणून. थंडी किती होती तेव्हा. मी ते ओढून काढलं आणि शर्टात घालून खाली नेऊन जाळलं. आबांना कळलं तर ते जगतील का, सांग."

चार महिने मी ज्याच्यावर संशय घेत होते, तो चार महिने हे पोटात ठेवून बसला होता. मला त्याचा रागही येईना आणि त्याच्याजवळही बसवेना.

"मग गिझर काढून का नाही टाकला?"

"काढतो म्हटलं की ते विचारणार, का? चालू वस्तू का काढायची? तू ओळखतेस ना त्यांना. म्हणून उलट बोलत राहिलो, स्वस्त आहे, स्वस्त आहे. झरोका तर आता उघडाच आहे."

"ज्योत्स्ना बंद करील. बाळासाठी कोणीही करील."

"हो," तो म्हणाला. "ते मला सुचलंच नाही."

मग आम्ही ठरवलं की आबांना आबांच्याच भाषेत पटवायचं.

संध्याकाळी चहाला मी विषय काढला. म्हटलं, गॅस महाग होत चाललाय. मामाच्या शेतात शिंदखेड्याला पऱ्हाट्यांचा ढीग पडून आहे, कापूस निघाल्यावर ते जाळूनच टाकतात. माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढू, कल्हई करून घेऊ, अंगणात पेटवू. सकाळचं पाणी त्यावर. संध्याकाळचं तर टाकीतलंच, ते उलट निववून घ्यावं लागेल. खर्च शून्य.

प्रशीलनं ठरल्याप्रमाणे कुरकुर केली. "धूर होईल. राख कोण काढणार?"

"मी काढीन," आबा म्हणाले. "उद्याच गिझर उतरव."

इतक्या लवकर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण त्याच्या तळाशी काहीतरी डाचत होतं. आबांनी एकही आकडा विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रशीलनं सिलेंडर बंद करून नळी सोडवली आणि गिझर ओट्यावर आणून ठेवला. तासाभरात दोन घरं पलीकडचे रुपचंदकाका आले. त्यांची चाल अशी की रस्त्यावरून जाता जाता सगळ्यांच्या ओट्यावर काय पडलंय ते दिसावं.

"भाऊ, इकनं शे का हाई?" विकायचाय का, असं ते त्यांच्या अहिराणीत विचारत होते.

आबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"बठ्ठं चालू शे ना?" काकांनी बटण फिरवून पाहिलं. "आमना तेजसना नवा घरमा लावसूत. बाथरूम न्हानी शे, आतमा बसी जाई. कितलाले शे, सांगा."

लहान बाथरूम. आतच बसवणार. प्रशील माझ्याकडे बघत होता. गप्प राहिले तर तेजसचं घर, बोलले तर आबा. काकांनी गिझर उचलून काखेत धरलासुद्धा.

"काका," मी म्हणाले, "हा आत लावायचा नसतो. हा बाहेर—"

"द्यायचा नाहीये तो," आबा म्हणाले.

काका हसले. "भाऊ, आतेपावत तुम्ही रिकामा खोका बी फेका नही. फुकट थोडाच मांगी राह्यनू?"

"कितीही दिले तरी नाही."

"मंग काय भंगारमा देशात?"

"भंगारातही नाही. भंगारवाला विकेल, कोणीतरी नेऊन भिंतीला लावील." आबांनी पेपरची घडी केली. "ठेव तो खाली, रुपचंद."

काकांनी ठेवला. म्हाताऱ्याचं डोकं उन्हानं फिरलंय असं काहीतरी पुटपुटत ते गेले.

आबांनी प्रशीलला हातोडी आणायला सांगितली. ते ओट्यावर मांडी घालून बसले, गुडघा दुखत असेल तरी बसले, आणि गिझरचा पत्रा ठोकायला लागले. आधी कडा, मग मधली नळकांडी. गडबड नाही, राग नाही. प्रशील पुढे झाला तर त्यांनी हातानं त्याला थांबवलं. पत्रा सपाट झाल्यावरही ते थोडा वेळ ठोकत राहिले.

त्यांना कधीपासून माहीत होतं, की त्यांनाही माझ्यासारखाच नुसता संशय होता, हे मी विचारलं नाही. प्रशीलनंही नाही. आम्ही दोघं दारात उभे होतो. काही वेळानं त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि घाम पुसला.

"ज्योत्स्ना आली की तिला काय ते मी सांगेन," ते म्हणाले. "तुम्ही दोघांनी मध्ये पडायचं नाही."