चहा बंद असलेले घर

"'मयत आशाबाई ही सायंकाळी घरात चहा करीत असताना स्टोव्हचा भडका उडाला व तिच्या पातळाने पेट घेतला,'" आरोपीच्या वकिलांनी पंचनाम्यातले वाक्य वाचून दाखवले, कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून पुसला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या वहिदाने कठडा घट्ट धरला.

वाक्य देखणे होते. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेऱ्यांतली उर्दू गेली आणि मराठी आली. मारणाऱ्याला वाक्याच्या बाहेर उभे करण्याची कला मात्र दोन्ही भाषांनी सारख्याच निष्ठेने जपली. चहा आशाबाईने केला, भडका स्टोव्हचा उडाला, पेट पातळाने घेतला. त्या खोलीत तिचा नवरा रामकिसन होता, याची त्या वाक्याला कुठेच गरज पडली नव्हती.

पातळ पेटले तर आग खालून वर चढते, हे चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. आशाबाईचे पाय शाबूत होते. जळला होता तो गळा, आणि तोंड. दवाखान्यात ती एक रात्र जगली, पण ओठच उरले नसल्याने तिचा जबाब कोणाला घेता आला नाही. आणि राहिला चहा. छावणीतल्या त्या चाळीत वहिदाची आणि आशाबाईची भिंत एक होती. भिंतीपलीकडे चहा कधी बंद झाला, हे वहिदाला पक्के माहीत होते.

"तुमचं घर वेगळं, त्यांचं घर वेगळं," वकील म्हणाले. "त्यांच्या स्टोव्हवर काय उकळत होतं, ते तुम्हाला कसं कळणार?"

"स्टोव्ह पेटतच नव्हता साहेब. भुशाची शेगडी व्हती. वखारीतून भुसा आणून तीच ठासून भरायची. त्याच्यावर भाकर, कालवण. चहा नाय."

"मयताचा सख्खा बाप पोलिसांना सांगतो, 'लेकीने मला घरी चहा करून दिला.' बाप खोटा आणि शेजारीण खरी?"

समोरच्या बाकावर बसलेल्या आशाबाईच्या बापाने, कडूबाने, पटका काढून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडेच बघत राहिला.

"आधी किंकाळी आली, अन् मंग माळ्यावरून पितळंचं काहीतरी खाली पडलं," वहिदा म्हणाली. "मी ऐकलं."

"भिंतीतून पितळ ओळखलंत? वा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी मान वर केली, तसा तो थांबला. वहिदा पिंजऱ्यातून उतरली. तिने खरे सांगितले होते, शपथेवर सांगितले होते, आणि ते कोणाच्याच पदरात पडले नव्हते.

रामकिसन चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. हप्त्याची स्कूटर, धाकट्या भावाला नोकरी लावण्यासाठी कोणाच्या तरी हातात ठेवलेली रक्कम, बहिणीचे लग्न. कारखान्यातल्या पतपेढीचे कर्ज त्याच्या मानेवर चढत गेले. मग एका दसऱ्याला त्याने ते फेडायचे ठरवले. कर्ज फेडावे याबद्दल जगातल्या कोणत्याही धर्मग्रंथात मतभेद नाही. ते कोणाच्या तोंडचे काढून फेडावे, या मुद्द्यावर मात्र ग्रंथ मौन पाळतात. घरातली साखर बंद झाली. चहा बंद झाला. स्टोव्ह पोत्यात बांधून माळ्यावर गेला, आणि रेशनचे रॉकेल डब्यात भरून नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलवाल्याला विकले जाऊ लागले. स्कूटर राहिली, कारण सुपरवायझरला स्कूटर लागते.

प्रत्येक काटकसरीची तालीम आशाबाईच्या अंगावर झाली. डब्याच्या तळाशी उरलेली चिमूटभर पूड तिने एकदा शेगडीवर उकळली, तेव्हा त्याने ते पातेले तिच्या मनगटावर उपडे केले. शेंगदाण्याच्या कुटात तेल जास्त पडले, तेव्हा तिचे डोके कोनाड्याच्या कडेवर आपटले. मग शांतपणे जेवून तो उरलेले कालवण झाकून ठेवायला विसरला नाही. पतपेढीने त्याला शाल-नारळ देऊन आदर्श सभासद म्हणून गौरवले. त्या सभेत तो म्हणाला होता, "गरजा कमी केल्या की कर्ज आपोआप फिटतं." टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आशाबाईच्या मनगटावर पदर होता.

दुपारी मात्र ती लहानग्या पोरीला घेऊन वहिदाकडे येई. पाटावर बसून बशीत ओतलेला चहा फुंकर न घालता पिई, आणि बशी ठेवताच हात पुढे करी.

"आपा, कांदा द्या."

"रोज कच्चा कांदा. रडू येत नाय तुला?"

"कांद्यानं नाय येत."

"तुह्या घरात कांदे नाहीत व्हय?"

"घरचे त्यानं मोजलेत," आशाबाई म्हणे. "तुमचे मोजले नाहीत, म्हणून तुमचा द्या."

पहिल्यांदा वहिदा हसली होती. मग एका संध्याकाळी उंबऱ्यातून तिने पाहिले. रामकिसनने स्कूटर लावली, चपला काढल्या आणि आशाबाईचा जबडा अंगठा आणि बोटांत धरून तिचे तोंड आपल्या नाकाशी आणले. आंबे विकत घेताना देठाशी नाक नेतात, तसे. त्याने वास घेतला, सोडले, आणि पाय धुवायला गेला. त्या दिवसापासून वहिदा चहाच्या आधीच कांदा चिरून ठेवू लागली.

शेवटच्या दिवशी कडूबा आला. खुलताबादजवळच्या वाडीतून लेकीला भेटायला, पटक्यात चार सीताफळे बांधून. बाप उन्हातून आला आणि घरात त्याला द्यायला पाणीच होते. आशाबाईने त्याला हाताला धरून वहिदाकडे आणले. "बाबा, आपाचं घर बघा," एवढेच ती म्हणाली. वहिदाने दुधाचा चहा केला, दोघांच्या बशा भरल्या. कडूबाने काही विचारले नाही. जावयाच्या घरात सासऱ्याला चहा मिळत नाही, ही गोष्ट ज्याला कळते, त्याने ती न कळल्यासारखी गिळायची असते. एसटीची वेळ झाली म्हणून सगळेच घाईत उठले. कांदा चिरलेला तसाच ताटलीत राहिला.

ओसरीतच स्कूटर थांबली.

"मामा, कधी आलात? काही घेतलं का?"

कडूबाने लेकीकडे पाहिले आणि लेकीची, जावयाची, त्या घराची अब्रू एका वाक्यात झाकली.

"व्हय की जावईबापू. लेकीनं चहा केला. लई गोड."

कडूबा एसटीला गेला. पोरगी वहिदाकडेच झोपली होती. आशाबाईच्या घराचे दार लागले, आतून कडी बसली. भिंतीपलीकडे डबे एकेक करून जमिनीवर आपटू लागले.

"कुठं लपवलीस पत्ती?"

"घरात नाय हो. पोरीची शपथ."

आणखी एक डबा. मग मांस भिंतीवर आदळल्याचा मऊ आवाज, पुन्हा तोच, पुन्हा तोच. आणि मग शांतता. एका माणसाने दुसऱ्याचे तोंड नाकाशी धरायला जेवढी लागते तेवढी. वहिदा दारावर धडका देत होती, तेव्हा आत रॉकेलच्या डब्याचे झाकण घरंगळत गेले. मग किंकाळी, आणि तिच्यामागोमाग माळ्यावरून पितळेचे काहीतरी पडल्याचा आवाज.

कडी उघडली तेव्हा वहिदाने आशाबाईवर रजई टाकली. रजईखालून चहाचा नाही, दुसराच वास येत होता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कडूबाला विचारले. पोरगी मेली, याचा अर्थ अजून त्याच्यात उतरला नव्हता. अब्रूची सवय मात्र जागी होती. त्याने तेच सांगितले: लेकीनं चहा केला, घरीच केला. रामकिसनलाही आपली हकिगत तिथेच सापडली. पोत्यातला स्टोव्ह त्याने पोलीस यायच्या आधीच खाली पाडून ठेवला होता. आता त्याच्यावर पातेलेही चढले.

जेवणाच्या सुट्टीत न्यायालयाच्या व्हरांड्यात कडूबा खांबाला टेकून बसला होता. दुपारनंतर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारणार, आणि मग उरले होते ते दोन्ही वकिलांचे बोलणे.

"जावई सुटला तर तिची पोरगी मागंल माझ्याकडनं," कडूबा म्हणाला. "चार वर्साची हाय. तिच्या दुधाचाबी हिशेब व्हईल तिथं." मग तो म्हणाला, "म्याच मारली तिला, भाभी. गोड बोलून."

"तुम्ही नाय," वहिदा म्हणाली. "भाकर खा."

पलीकडे वकील रामकिसनला समजावत होते. आवाज दाबलेला नव्हता. दाबावा असे तिथे कोणी नव्हतेच. "प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. खोटं आहे. पुढं एक अक्षर नाही." मग ते चहाला गेले. रामकिसन गेला नाही. जामिनावर सुटलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तो माणूस नळाचे पाणी ओंजळीने प्याला आणि पतपेढीतून आलेल्या दोन मित्रांशेजारी येऊन उभा राहिला.

वहिदाने बुरख्याची गाठ सारखी केली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"रामकिसनभाऊ, एक बोलायचं राह्यलं."

तो मित्रांकडून तिच्याकडे वळला.

"आशाबाई रोज माझ्याकडून पत्ती-साखर न्यायची. तुमच्या घरात चहा करायला. म्हणायची, 'त्याला सांगू नका, तो कर्जात हाय.' तेवढं देणं राह्यलंय. मी कधी मागितलं नाय."

"खोटं."

"चाळीत सगळ्यांना माहीत हाय. लोक म्हणतात, पतपेढीचं फेडलं खरं, पण शेजारणीच्या डब्यातून फेडलं. मी म्हणलं, जाऊ द्या, गरीब माणूस हाय."

दोघा मित्रांपैकी एकाने नजर चपलांकडे वळवली. रामकिसनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचा उजवा अंगठा आणि बोटे आपोआप जवळ आली, हवेत काहीतरी धरल्यासारखी.

"मी कोणाचं देणं ठेवत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणता तर नसंल," वहिदा म्हणाली आणि कडूबाजवळ परत येऊन बसली. आशाबाईने तिच्याकडून पत्तीचा एक दाणाही कधी घरी नेला नव्हता. सकाळी ती शपथेवर खरे बोलली होती. आता व्हरांड्यात खोटे बोलली. भाकरीचा उरलेला तुकडा तिने कडूबाच्या हातात दिला.

दुपारी रामकिसन पिंजऱ्यात उभा राहिला. पहिल्या प्रश्नाला तो म्हणाला, "खोटं आहे." दुसऱ्याला, तिसऱ्याला तेच. वकील समाधानाने कागद चाळत होते.

"साक्षीदार वहिदा हिचं म्हणणं आहे," न्यायाधीशांनी विचारले, "की तुमच्या घरात चहा होत नव्हता आणि मयत तिच्या घरी येऊन चहा पीत असे. याबद्दल काय सांगायचं आहे?"

वकिलांनी मान न उचलता उत्तराची वाट पाहिली.

रामकिसनने मागे पाहिले. पतपेढीचे दोघे मित्र बसले होते. त्यांच्यामागे वहिदा, तिच्या चेहऱ्यावर दया. अगदी उघड, सगळ्यांना दिसेल अशी दया.

तो बोलला. वकील अर्धवट उठले. न्यायाधीशांनी हाताने त्यांना बसवले आणि टंकलेखकाकडे वळून म्हणाले, "त्यांच्याच शब्दांत घ्या." मशीन बराच वेळ खडखडत होते. कागदावर आजही ते तसेच आहे:

"माझ्या घरात चहा होत नव्हता, हे खरं आहे. मी कोणाच्या उसन्यावर कर्ज फेडलं नाही. दसऱ्याला स्टोव्ह मी स्वतः पोत्यात बांधून माळ्यावर टाकला, तो त्या दिवसापर्यंत खाली काढला नव्हता. घरात पत्ती नव्हती, साखर नव्हती, आणलीही नव्हती. बायको बाहेरून पिऊन येते का, हे मी रोज तिच्या तोंडाचा वास घेऊन बघत होतो. कधी वास आला नाही. त्या दिवशी आला."