ऑक्टेव्हियाच्या हातचं

मर्ना लुंडीनने इकडेतिकडे पाहिलं, आणि कोणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर आपल्याच हॉटडिशचा एक कोपरा डावाने उकरून स्वतःच्या ताटलीत वाढून घेतला. मग डाव मुद्दाम भांड्यातच रोवून ठेवला. आता निदान कोणीतरी सुरुवात केल्यासारखं दिसत होतं.

चर्चच्या तळघरातलं लांब टेबल एव्हाना बरंच रिकामं झालं होतं. खरवडून साफ केलेल्या काचेच्या भांड्यांच्या रांगेत मर्नाचं भांडं तेवढं काठोकाठ भरलेलं, आमंत्रण नसताना लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं बसून होतं. हॉटडिश म्हणजे खिमा, मश्रूमचं डबाबंद सूप आणि वर बटाट्याचे तळलेले गोळे, सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. शेजारच्या भांड्यात तेच होतं, त्याच्या शेजारच्या भांड्यातही तेच. नॉर्डवेल गावात चर्चच्या जेवणाला दुसरं काही आणायची पद्धत नव्हती.

पाद्रीबाई जाता जाता थांबल्या. भांड्यात डोकावून म्हणाल्या, की या वेळी रंग छान आलाय, काहीतरी वेगळंच दिसतंय. आणि कोबीच्या कोशिंबिरीकडे निघून गेल्या. मर्नाने हसून त्यांचे आभार मानले.

लोक का खात नाहीत, हे मर्नाला पक्कं ठाऊक होतं. त्या कारणाचं नाव ऑक्टेव्हिया क्रेन.

मर्ना ऐन विशीत नॉर्डवेल सोडून लॉस एंजेलिसला गेली, तेव्हा नाताळच्या नाटकातला देवदूत एवढाच तिचा अनुभव होता. तिथल्या एजंटने 'लुंडीन' हे नाव खोकल्याच्या औषधासारखं वाटतं म्हणून 'लेन' करून टाकलं. मर्ना लेनने तीन चित्रपट केले. पहिल्यात ती इस्पितळाच्या बोळातून धावत जाणारी नर्स होती. दुसऱ्यात ती किंचाळली होती. चित्रपट लागला तेव्हा त्यात किंकाळी होती, मर्ना नव्हती. तिसऱ्यात ती नायकाची बहीण होती आणि तिला चांगली दहा-बारा वाक्यं होती, पण तो चित्रपट तिच्या आईसकट फारच थोड्या लोकांनी पाहिला.

मग 'बेलहेवन' आली. रोज दुपारी लागणाऱ्या त्या मालिकेत एका सावकाराला विष घालून मारायला कोणीतरी बायको हवी होती. काम तीन आठवड्यांचं. पण नवऱ्याच्या कॉफीत चमचा फिरवताना मर्नाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की देशभरच्या बायकांनी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. ती बायको म्हणजे ऑक्टेव्हिया, आणि ती पुढे सव्वीस वर्षं टिकली. तिने दोन नवरे, एक सासू आणि एक बिशप एवढ्यांना वाटेला लावलं. ती स्वतः दोनदा बुडाली आणि दोन्ही वेळा केसही न विस्कटता परत आली.

त्याची फळं मर्नाला भोगावी लागली. विमानात शेजारची बाई हवाईसुंदरीने दिलेला रस परत करायची. दुकानात एका म्हातारीने तिच्या ढकलगाडीतली दुधाची बाटली काढून घेतली होती, कोणाला पाजणार आहेस म्हणून. मर्नाचा दुसरा नवरा दातांचा डॉक्टर होता. तो रोज जेवायला बसताना म्हणायचा, "आधी तू." सुरुवातीला तिलाही हसू यायचं.

पुढे वाहिनीने 'बेलहेवन' बंद केली, तीही इतकी तडकाफडकी, की ऑक्टेव्हिया एका दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती ती तशीच राहिली. मर्नाने जाहिराती मिळतात का पाहिलं. गुडघेदुखीच्या औषधाला एक प्रेमळ आजी हवी होती. ते लोक फार सभ्यपणे म्हणाले, की सगळं उत्तम आहे, फक्त तुमच्या हातात गोळ्या बऱ्या दिसत नाहीत. त्याच सुमारास तिची थोरली बहीण लॉइस वारली आणि नॉर्डवेलचं घर मर्नाकडे आलं. तिने सामान आवरलं. आपल्या गावात तरी आपण लुंडीनांची धाकटी असू, असं तिला वाटलं होतं. दीड वर्ष झालं, पहिली खेप सोडली तर ती दर महिन्याला भरलेलं भांडं घेऊन चर्चला जात होती आणि भरलेलं भांडं घेऊन परत येत होती.

आज तिच्या शेजारी येऊन बसल्या त्या समोरच्या घरातल्या अर्डिस ब्रेकी. ऐंशी ओलांडलेल्या, विधवा, ताठ कण्याच्या. लहानपणी मर्नाला शाळेत पोचवायचं काम त्यांच्याकडे असे, आणि अजूनही त्या तिच्याशी त्याच आवाजात बोलत.

"तुला अजून तसं बघता येतं का?" अर्डिसबाईंनी विचारलं.

"कसं?"

"नवऱ्याला कॉफी देताना बघायचीस तसं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा भाचा ड्वेन गुरुवारी येणार होता. घर विकून त्याच्या गावाजवळच्या वृद्धनिवासात चला, असं तो वर्षभर त्यांच्या मागे लागला होता. माणूस वाईट नाही, पण धान्याच्या कणग्या विकायचा धंदा; एकदा बोलायला लागला की समोरचा कणगी घेऊनच उठतो. तो बोलत असतो तेव्हा मुद्दे सुचत नाहीत. तो गेल्यावर एकापेक्षा एक सुचतात.

"तू काही बोलायचं नाहीस," अर्डिसबाई म्हणाल्या. "नुसती कॉफी दे. शाळेतून आला की माझ्या सोफ्यावर बसून तुझी मालिका बघायचा तो. बिशप मेला त्या आठवड्यात दुधाला शिवला नाही."

मर्नाने सांगून पाहिलं, की मी आता हे सगळं सोडलंय. पण घरी गेल्यावर तिने ट्रंकेतून करड्या रेशमाचा ब्लाउज काढला आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिली. नजर थोडी गंजली होती. पण होती.

गुरुवारी ड्वेन आला. चाळिशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, घामाघूम. मावशीच्या गालाला गाल लावून तो खुर्चीत बसला, निवासाची रंगीत माहितीपत्रकं त्याने टेबलावर पसरली आणि सुरुवात केली. तिथे म्हणे दर बुधवारी पत्त्यांचे डाव असतात, दाराशी बस येते, बर्फ काढावा लागत नाही. त्याची गाडी चांगली रंगात आली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि करड्या रेशमातली मर्ना ट्रे घेऊन आली.

ड्वेनचं वाक्य बर्फापाशीच थांबलं.

मर्नाने त्याच्यासमोर कप ठेवला. साखर घातली. चमचा सावकाश, उलट्या दिशेने फिरवला आणि कपाच्या काठावर एकदाच वाजवला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"घ्या ना," ती म्हणाली. "गार होईल."

ड्वेन म्हणाला, घेतो. हात पुढे गेला, कपाच्या कानात बोट अडकलं आणि तिथेच राहिलं. पुन्हा त्याने बसची गोष्ट काढली, पण ती बस काही निवासाच्या दारापर्यंत पोचेना. त्याची नजर कपावर होती. मर्ना त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बाकी काहीही न करता नुसतं उभं राहण्यात किती काम असतं, हे ती विसरूनच गेली होती. तिची पाठ आपोआप ताठ झाली. अर्डिसबाई मांडीवर हात ठेवून, चर्चमध्ये बसावं तशा प्रसन्न बसल्या होत्या.

"हॅरल्ड, केक घे थोडा," त्या म्हणाल्या.

हॅरल्ड हे त्यांच्या यजमानांचं नाव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ड्वेनने वर पाहिलं नाही. "घेतो हं, मावशी," एवढंच म्हणाला आणि हळूच एक तुकडा उचलला.

मर्ना सुऱ्या आणण्याच्या निमित्ताने आत गेली. शेगडी पेटलेली होती. वर काहीच नव्हतं. ज्योतीच्या अगदी जवळ एक फडकं पडलं होतं, कड करपलेली. तिने बटण फिरवलं. सुरी शोधताना खालचं कपाट उघडलं, तर मागच्या बाजूला पातेली एकात एक घालून ठेवलेली. प्रत्येकाचा तळ कोळशासारखा काळा. कोणाला दिसू नयेत म्हणून पुढे मैद्याचा डबा उभा केला होता.

ती बाहेर आली तेव्हा लढाई संपली होती. ड्वेन माहितीपत्रकं गोळा करत म्हणत होता, की घाई काहीच नाही, मावशी, पुढच्या खेपेला बघू. अर्डिसबाईंनी मर्नाकडे पाहून, कोणाला कळणार नाही इतकी, मान हलवली. मर्नाला मात्र इतक्या वर्षांत प्रथमच आपल्या कामाची लाज वाटली.

ती ड्वेनच्या मागोमाग ओसरीत आली.

"तिनेच बोलावलं ना तुम्हाला?" ड्वेनने विचारलं. "मला कळतं हो. तुम्ही नटी आहात, हेही कळतं. पण हातच उचलेना."

"मी आतली पातेली बघितली," मर्ना म्हणाली.

ड्वेनने टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. "गेल्या महिन्यात मी चार फेकून दिली होती," तो म्हणाला. "परत झाली?"

मर्नाने रस्त्यापलीकडच्या आपल्या घराकडे बोट दाखवलं. मग मर्ना म्हणाली, की मी समोरच राहते, मला दिवसभर काही काम नसतं. मी रोज संध्याकाळी यांचं जेवण करून आणत जाईन. शेगडी पेटवायची वेळच यायची नाही.

"तुमच्या हातचं?" ड्वेन म्हणाला.

"तुम्हालाही विषाची भीती वाटते?"

"विषाची नाही."

मग, ग्राहकाला कणगी गळते हे सांगावं लागल्यासारखा, तो बोलू लागला. गेल्या वर्षीच्या ईस्टरला तो इथेच होता. मर्ना पहिल्यांदा हॉटडिश घेऊन आली तेव्हा चर्चमध्ये तिच्यापुढे रांग लागली होती. ऑक्टेव्हियाच्या हातचं खायचं म्हणून माणसं शेजारच्या गावाहून आली होती. काहींनी ताटलीचे फोटो काढले. मर्ना तेव्हा वर पाद्रीबाईंशी बोलत होती. ती खाली येईपर्यंत सगळ्यांनी वाढून घेतलं होतं.

"मग?"

"मग त्यांनी खाल्लं," ड्वेन म्हणाला.

"मला कोणी काही बोललं नाही."

"पाद्रीबाई बोलल्या की. वेगळं आहे म्हणाल्या."

मर्ना पायरीवर बसली. नॉर्डवेलमध्ये 'वेगळं' हा शब्द कशाला वापरतात, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यातून पार गेलं होतं. तिचे वडील गारपिटीलाही वेगळी म्हणायचे. लॉइसने लग्नासाठी पसंत करून आणलेल्या पहिल्या मुलालाही ते वेगळा म्हणाले होते, आणि तो पुन्हा दिसला नव्हता.

तिला आधी चांगलाच राग आला. मग गेल्या दीड वर्षातली सगळी भरलेली भांडी तिच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि तिला हसू यायला लागलं, ते आवरेना. गावात कोणीच तिला भीत नव्हतं. बिचाऱ्या ऑक्टेव्हियाचा या एका बाबतीत काडीचाही दोष नव्हता.

"तुम्ही स्वयंपाक करू नका," ड्वेन काकुळतीने म्हणाला. "मावशीला करू दे. तुम्ही नुसत्या जवळ बसा. मला शिकवा म्हणा. तिला शिकवायला आवडतं." घराचं काय ते येता हिवाळा सरल्यावर बघू, असं तो म्हणाला, आणि गाडीत बसताना त्याने मर्नाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

दुसऱ्या दिवसापासून मर्ना रोज संध्याकाळी एप्रन घेऊन समोर जाऊ लागली. अर्डिसबाई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत, की पोरीला काही म्हणजे काही येत नाही, एकेक गोष्ट दहादा सांगावी लागते. ते खरंच होतं. कांदा आधी परतायचा, हे त्या एका संध्याकाळी तीनदा सांगत आणि मर्ना तीनदा "असं होय?" म्हणे. त्या पाठमोऱ्या झाल्या की ती बटण फिरवे, फडकं लांब ठेवे, दुसऱ्यांदा घातलेल्या मिठाचं पाणी ओतून टाके. काळी पातेली एकेक करून घासून ठेवायलाही तिने सुरुवात केली होती.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी दोघी भांड्यावर बटाट्याचे गोळे लावत उभ्या होत्या. अर्डिसबाईंची रांग सरळ होती, मर्नाची वाकडी.

"एक विचारू?" अर्डिसबाई मान वर न करता म्हणाल्या. "तू एवढी मोठी नटी. हे स्वयंपाक न येण्याचं सोंग तर नाही ना? मला बरं वाटावं म्हणून?"

मर्नाने नुकत्याच बंद केलेल्या शेगडीच्या बटणावरचा हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "खरंच येत नाही."

अर्डिसबाईंनी शेवटचा गोळा बसवला आणि तो नीट बसलाय का ते बोटाने पाहिलं.

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "माझं विसरणंही सोंग नाही."

आणि ओव्हनमध्ये ठेवण्यासाठी त्यांनी भांडं मर्नाच्या हातात दिलं.