प्रूइटची टाकी

ड्वेन हॅस्केटच्या पायाला भिंगरी होती. दुकानात विहिरीची मोटार उघडून बसला तरी एक पाय खाली ठेक्यावर हलत असायचा. चर्चमध्ये बायबलचं वाचन चालू असताना तो खिशातल्या किल्ल्या वाजवायचा, आणि मागच्या बाकावरच्या बायका त्याच्या पाठीकडे डोळे वटारून पाहायच्या. अशा माणसाला टेक्सासमधल्या बेलमी गावानं सात-आठ वर्षांच्या पोरांच्या फुटबॉल संघाचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा, कोच केलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण.

पण ड्वेनला वाटलं, देवानंच हाक मारली. त्याच्याकडे एक जाडजूड वही होती. शाळेत असताना तो चार वर्षं संघाचा गणवेश घालून बाकावर बसला होता. एकदाही, अगदी एकदाही, त्याला मैदानात उतरवलं नव्हतं. बसल्या बसल्या तो चढाईचे डाव काढायचा. गोल म्हणजे आपली पोरं, फुल्या म्हणजे समोरची, आणि बाणच बाण. पंचवीस वर्षांत त्या वहीत चौऱ्याण्णव डाव जमले होते. आता ते खेळणारी पोरंही मिळाली. त्याला झोप लागेना, जेवण जाईना, कधी एकदा सरावाचा ऑगस्ट उजाडतोय असं झालं.

ऑगस्ट उजाडला आणि पोरांची त्रेधा उडाली.

"छत्तीस!" ड्वेन ओरडायचा. छत्तीस म्हणजे तिसऱ्या नंबरच्या पोरानं चेंडू छातीशी घट्ट धरून पुढच्या पोरांच्या रांगेतल्या सहाव्या फटीतून पळायचं. सम आकडा असला की उजवीकडची फट, विषम असला की डावीकडची. किती सोपं! पण ड्वेननं आकडा उच्चारला की पोरं मिळेल त्या दिशेला सुटायची. दोघं तर एकमेकांवरच धडकायची. शेजारच्या गावाशी पहिला सरावसामना झाला, त्यात बेलमीचा संघ एक पाऊलभरही पुढे सरकला नाही. उलट मागंच गेला. सोळा पोरांपैकी पाच जणांनी त्या आठवड्यात हेल्मेटं परत आणून दिली.

उरली अकरा. लीगचा नियम सरळ होता: मैदानात अकरा नसतील तर सामना बंद, आणि संघही बंद. मग उरलेली पोरं प्रूइट गावाच्या पिवळ्या जर्सीत जाणार. बेलमीत सत्तर वर्षं पोरांचा संघ होता. दुष्काळात होता, कापूस बुडाला त्या वर्षीही होता. तो बुडवला कुणी, तर ड्वेन हॅस्केटनं. हे वाक्य त्याला पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, सगळीकडे आधीच ऐकू यायला लागलं होतं.

त्यातून टीग लोमॅक्सची आई. टीग म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, संघातला एकुलता एक चपळ पोरगा. जनेल लोमॅक्स बँकेच्या खिडकीतूनच ड्वेनला म्हणाली, "पोरगं दोनदा रडत घरी आलंय. तिसऱ्यांदा आलं ना, ड्वेन, तर हेल्मेट तुझ्या दुकानाच्या दारात फेकून जाईन. मग बस आकडे मोजत."

ड्वेनच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी तो शाळेच्या जेवणघरात मिस व्हर्ना स्टब्जसमोर जाऊन उभा राहिला. बाई अडतीस वर्षं दुसरीचा वर्ग शिकवत होत्या. ड्वेनही त्यांच्याच हाताखालून गेला होता, आणि आता संघाच्या पाण्याच्या बाटल्या, नाकातलं रक्त आणि बुटांच्या नाड्या हे खातं त्यांनी आपणहून घेतलं होतं.

"बस आधी," बाई म्हणाल्या. "आणि तो चमचा वाजवू नकोस."

"मिस व्हर्ना, पोरांना काहीच कसं कळत नाही हो? उजवं-डावं, सम-विषम, यात अवघड काय आहे?"

बाईंनी हातातली पोळीची सुरळी खाली ठेवली. "अरे शहाण्या, सम-विषम मी ख्रिसमसच्या सुट्टीनंतर शिकवते. यातली चार पोरं तर अजून पहिलीत आहेत. आणि तुला तरी कुठं येत होतं? मार्चपर्यंत तू सातला सम म्हणत होतास."

एवढी मोठी वही, एवढे बाण, आणि मुळातच घोळ! त्याला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

"चार डाव निवड," बाई म्हणाल्या. "चारच. पाचवा काढलास तर बाटल्या तुझ्या तूच भर."

"चौऱ्याण्णवातून चार?"

"हो. काय, तुझी लेकरं आहेत का ती?"

तर होतीच ती त्याची लेकरं. तो वही उघडून बसला, उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. बारा उरले. बाई सफरचंद खात बघत राहिल्या. सात उरले. शेवटी त्यांनी पेन्सिल काढून घेतली आणि एका चित्रावर टेकवली. "हा कसला?"

"तो? तो गोळा. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावायचा, चेंडूवाल्याला मध्ये घ्यायचं, आणि सरळ चालत सुटायचं. तो काय डाव आहे? मेंढरं हाकल्यासारखं दिसतं."

"मेंढरं निदान एका दिशेनं तरी जातात," बाई म्हणाल्या. "हा पहिला."

उजवं-डावं मात्र लागणारच होतं. कडेनं पळायचे दोन डाव हवेच होते. आणि मग ड्वेनच्या डोक्यात वीज चमकली. बेलमीच्या मैदानाच्या एका अंगाला गावाची पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला जिनिंगचं पत्र्याचं गोदाम. जन्मल्यापासून पोरं ती दोन्ही बघत आलेली. "आकडे गेले खड्ड्यात! एक डाव टाकी, एक डाव जिनिंग. टाकी म्हटलं की टाकीकडे पळायचं!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता झालास माणूस." चौथा डाव लांब फेकीचा, तो त्यांनी ड्वेनचा लाड म्हणून ठेवू दिला.

गुरुवारचा सराव बघायला हवा होता. "टाकी!" म्हटलं की पोरं टाकीकडे, "जिनिंग!" म्हटलं की जिनिंगकडे. "गोळा!" म्हटलं की थुलथुलीत ग्रेडी क्रूगर पुढे आणि बाकीचे त्याला चिकटून हुं हुं करत चाललेले. ग्रेडीच्या हेल्मेटवर वजनाची पट्टी होती. लीगच्या काट्यावर जास्त भरला म्हणून त्यानं चेंडू घेऊन पळायचं नाही, असा दंडक. पण गोळ्याचं नाक तोच होता आणि त्याला त्याचा फार अभिमान. टीग पळताना हसत होता. जनेल गाडीत बसून बघत होती, आणि तीही हसली. ड्वेननं आनंदानं मैदानाला दोन चकरा मारल्या.

शनिवारी सकाळी सामना प्रूइटला. ड्वेननं पोरांच्या हनुवटीचे पट्टे तीनदा तपासले, पायात पेटके येऊ नयेत म्हणून आणलेले काकडीच्या लोणच्याच्या पाण्याचे डबे दोनदा मोजले, चेंडूतली हवा चारदा दाबून पाहिली. एवढं सगळं पाहिलं. मान वर करून तेवढं पाहिलं नाही.

पहिला डाव गोळा. चार यार्ड पुढे. बेलमीच्या बाजूला कुणी श्वासच घेतला नाही. दुसरा गोळा, आणखी तीन. बाकड्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. अजून एकदा गोळा म्हणायला काय हरकत होती? बाई कुजबुजल्या सुद्धा, "तोच दे, ड्वेन, तोच." पण पायाला भिंगरी असलेल्या माणसाला तेच ते जमतंय थोडंच! त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, "टाकी!"

टीगच्या हातात चेंडू आला. पोरगा क्षणभर थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग वळून मागं पाहिलं. प्रूइटलाही पाण्याची टाकी होती. टेक्सासच्या या भागात कुठल्या गावाला नाही? पांढरीशुभ्र, पिवळ्या अक्षरांची, आणि उभी होती बरोबर बेलमीच्याच गोलरेषेमागे.

टीग वाऱ्यासारखा सुटला. त्याच्यामागे उरलेले दहा, कारण टाकी म्हणजे टाकी. ग्रेडीसुद्धा धापा टाकत. प्रूइटची पोरं जागच्या जागी आ वासून उभी. ड्वेन ओरडतोय, हात हलवतोय, पण हेल्मेटात काय ऐकू जातंय! टीगनं आपलीच गोलरेषा ओलांडली, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि उड्या मारल्या. आपल्याच रेषेमागे चेंडू नेला की गुण समोरच्यांना, म्हणून पंचांनी प्रूइटला दोन गुण दिले.

आणि मग हसू फुटलं. प्रूइटची बाकडी नुसती लोळली. "अरे, त्याला आपली जर्सी द्या रे कुणीतरी!" एक जाडा माणूस ओरडला. टीगच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं हेल्मेट काढलं, मैदानाबाहेर आला आणि बाकाच्या टोकाला पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. बाकड्यांवरून जनेल उतरायला लागली होती, हातात गाडीच्या किल्ल्या.

म्हातारे पंच जवळ आले. "कोच, मला दहाच दिसतायत. तीन मिनिटं देतो. अकरावा नसेल तर मी शिट्टी वाजवून घरी जातो, आणि तुमचा संघही."

अकराच्या अकरा पोरं आज पहिल्यांदाच एका दिशेनं पळाली होती. सांगितलं तसं, अगदी तंतोतंत. चुकला कोण होता?

तो टीगशेजारी बसला.

"टीग, चूक माझी. तू बरोब्बर पळालास. टाकी कुठं आहे ते मीच पाहिलं नाही."

"सगळे हसले."

"माझ्यावर हसले ते. तू फक्त मध्ये होतास." ड्वेनचा पाय हलायला लागला, त्यानं हातानं दाबून धरला. "मी पण असाच बसायचो. चार वर्षं."

टीगनं नाक पुसलं. "तुम्ही पण उलटे पळाला होता?"

"नाही रे. मला पळायलाच दिलं नाही कुणी. उलटं पळालो असतो तरी चाललं असतं मला."

टीगनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या माणसाचा असा हिशेब त्यानं कधी ऐकला नव्हता. "मग आता टाकी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

ड्वेननं मैदानाच्या दोन्ही कडा पाहिल्या. मग तोंडातून निघून गेलं, "मी. मी टाकी. मी कडेला उभा राहीन, तू माझ्याकडे पळ."

"पण तुम्ही हलता."

"म्हणजे?"

"सारखे हलता. टाकी हलत नाही."

मागून मिस व्हर्ना म्हणाल्या, "पोरगं खोटं बोलत नाहीये."

"नाही हलणार. शप्पथ."

"आणि जिनिंग?"

"जिनिंग आज बंद."

जनेल येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोराकडे पाहिलं, ड्वेनकडे पाहिलं. "एकच डाव," ती म्हणाली. "आणि तू तसूभर जरी हललास, ड्वेन, तरी मी पोराला घेऊन निघाले." टीगनं हेल्मेट चढवलं. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

चेंडू परत मिळेपर्यंत प्रूइटनं आणखी सहा गुण केले. मग बेलमीचा गोळा, पुन्हा गोळा. ड्वेन कडेच्या पट्टीत चेंडूच्या दहा पावलं पुढे जाऊन उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, "डाव तुम्हीच ओरडा." हात खिशात घातले, किल्ल्या मुठीत आवळल्या. आता चेंडू सुटायचाच होता. तेवढ्यात घोट्याला काहीतरी चावलं.

तांबड्या मुंग्या. बरोबर वारुळावर उभा होता तो! एक मोज्यातून वर चढली, मग चार, मग किती ते कुणास ठाऊक. पोटऱ्यांची नुसती आग आग. त्याला नाचावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, बूट भिरकावून द्यावेसे वाटले. डोळ्यांत पाणी आलं. बाकाजवळून जनेल त्याच्या पायांकडेच बघत होती. तो हलला नाही.

"टाकी!" मिस व्हर्ना ओरडल्या.

टीगनं चेंडू घेतला. थांबला. हेल्मेटाच्या जाळीआडून मैदानाच्या कडा धुंडाळल्या, आणि त्याला ड्वेन सापडला. मग तो निघाला. ग्रेडीनं एकाला पोटानं अडवलं, दुसरा आपोआपच पडला. टीग सरळ येत होता, डोळे ड्वेनवर रोखून, आणि ड्वेन दात खाऊन उभा होता. अकरा यार्ड! कडेची रेषा आली तरी पोरगं थांबलं नाही. ते येऊन त्याच्या पोटावर आदळलं आणि दोघं वारुळाच्या पलीकडे गवतात कोसळले.

बेलमीची बाकडी उभी राहिली. ड्वेन आता मोकळा झाला आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या झोडायला लागला. रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच समजेना.

सामना ते हरले. बावीस-शून्य. शेवटपर्यंत अकरा जण मैदानात होते.

गाडीत बसताना टीग हेल्मेट काखेत मारून परत आला. जनेल मागं उभी, किल्ल्या पर्समध्ये टाकलेल्या. "कोच," तो म्हणाला, "मंगळवारी सरावाला खरी टाकी घ्यायची की तुम्ही?"

"मी."

टीगनं त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "मग लांब मोजे घालून या. मुंग्या आपल्याकडेही आहेत."