काहिलीत न्यायचा दिवा

चुलत्याच्या गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई, होडी म्हणून घेऊन मी आणि माझा दोस्त प्रसेनजीत कुंभी धरणाच्या पाण्यात तीन दिवस फिरणार होतो, काठावर मुक्काम करत. मासिकातल्या परदेशी लोकांकडं निमुळती कयाक होडी असायची. आमची गोल. पण गुळाची काहील पुरात माणसं नेते, तर सहलीला का नको? शिवाय गोल होडीला पुढचं-मागचं नसतं, त्यामुळं ती उलटी जायचा प्रश्नच मिटतो.

तंबू, तांदूळ, सगळं ठरलं. दिवा ठरेना.

१९९८च्या दिवाळीपासून दर रविवारी मी कसबा बावड्यात प्रसेनजीतच्या घरी एकेक दिवा न्यायचो. तो खाटेवर बसून नापास करायचा.

"कंदील? काहील गिरकी घेतीया मर्दा, काच फुटंल."

गॅसबत्ती नेली. "ही फुसफुसती. झोपायचं, का हिची समजूत काढायची?"

बॅटरी नेली. "एकाच बाजूला उजेड. मागनं मगर आली तर?"

"कुंभीत मगर न्हाय."

"तीच अफवा उठवत असणार तशी."

एका रविवारी मी चिडलो. "तुला जायाचंच न्हाय, असं सांग की!"

दारात त्याच्या आईनं, आक्काताईंनी, मला थांबवलं. "ज्ञानू, त्याच्या काळजाची झडप गेलीया. डॉक्टरांनी हात टेकलं. न्हाणीपतूर जायाला दम लागतोय, काहील कुठली वल्हवतोय? पण रविवार आला की दाढी करून बसतंय."

पुढच्या रविवारी मी वरातीतली, डोक्यावर घ्यायची बत्ती नेली. नापास. मग सायकलचा डायनामो, चाकासकट. मग रिक्षाचा इंडिकेटर. पास होणं शक्यच नाही असे दिवे शोधत मी बाजारभर हिंडायचो. दुकानदार विचारायचे, "पावणं, नेमकं काय पायजे?"

मे महिन्यात औषधाच्या बाटलीची रॉकेलची चिमणी नेली. वाऱ्यात क्षणभर टिकली नसती. प्रसेनजीतनं ती हातात धरून बराच वेळ बघितली.

"ही चालंल," तो म्हणाला.

आक्काताई भाकरी थापायच्या थांबल्या.

मी चिमणी काढून घेतली. "हॅट्! ही नापास."

"बास की, ज्ञानू."

"गप. रविवारी दुसरा आणतो. दाढी करून ठेव."

शनिवारी त्याची दाढी मामानं केली, शेवटची आंघोळ घालायच्या आधी.

रविवारी मी तरीही गेलो. पिशवीत रेल्वेचा जुना लाल-हिरवा कंदील होता. आक्काताईंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला.

"लई जड हाय रं," त्या म्हणाल्या. "दुसरा बघ."