लग्नाच्या सकाळचे दोन निळे पोर्ट

माझा जन्म चिनी पंचांगातल्या वाघाच्या सालातला. आमच्या ताइनानमध्ये वाघाच्या सालातल्या माणसाने नवरीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ती आईबापांचा निरोप घेते तेव्हा आसपास फिरकायचं नाही; वाघ नवरीच्या संसाराला वाईट. पंगतीला बसलं तर चालतं. मी लग्नाच्या फिल्म करते आणि आजवर एकही निरोप मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. कॅमेरे घेऊन आत जातो तो आ-हुंग, माझा भागीदार, टक्कल पडलेला आणि तोंडाने फाटका. मी समोरच्या कुठल्यातरी दुकानात लॅपटॉप मांडून बसते. सकाळी घरात जे घडलं ते दुपारी जेवणाच्या मांडवात पडद्यावर दाखवायचं, हा आमचा धंदा.

याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. लोकांच्या मुली, लोकांचे निरोप. पण या खेपेला युथिंगचं लग्न होतं.

युथिंग माझ्या दादाची मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि दादा जहाजावर इंजिनियर, वर्षातून दोनदा घरी यायचा. वाढवली मी. तिच्या वेण्या मी घातल्या, गोवरात तिच्या उशाशी मी बसले, स्कूटर शिकताना तिने पाडलेली भाजीवाल्याची टोपली मी भरून दिली. आणि आता ती दादापुढे गुडघे टेकणार, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला ते बघायचं होतं. पडद्यावर का होईना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक क्षणही न गाळता.

आणि नेमकं तेच माझ्या लॅपटॉपला जमणारं नव्हतं. त्याला तीन पोर्ट होते, तिन्ही जुने, तिन्ही मंद. दोन कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण आत घ्यायचं तर सव्वा तास लागायचा. तेवढा वेळ कधीच नसतो. म्हणून मी हुंगला दर वेळी बजावायची, "ठरलेलं तेवढंच घे, फापटपसारा नको." त्यातूनही तो सांगेल त्याच क्लिपा मी उतरवून घ्यायची. बाकीच्या मी पाहिल्यासुद्धा नाहीत.

"नवा घे की," हुंग म्हणाला. "हा तर आता कीबोर्डावरून अक्षरं पुसलेला म्हातारा झाला."

"तुझ्या डोक्यावरून केस पुसलेत. तुला बदलला का मी?"

मला तोच लॅपटॉप हवा होता. माझी बोटं त्याच्यावर न बघता चालतात, आणि लग्नाच्या दिवशी मला विचार करायला सवड नसते. शेवटी तो काखोटीला मारून मी पैमेन रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उलटापालटा केला, मग बाजूच्या एका काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर बोट दाबलं. टक्कन आवाज झाला आणि पट्टी बाहेर आली. मागे चांगली बोटभर खोल फट.

"हे काय आहे?" मी म्हणाले.

"पाच वर्षं वापरताय ना, ताई?"

"मला वाटलं शोभेला आहे."

तो इतका हसला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. त्याने काडेपेटीहून थोडं लांब असं एक कार्ड काढलं. त्याच्या तोंडाशी दोन पोर्ट, आतून निळे. ते त्याने फटीत सारलं, सोबतच्या चकतीवरचा प्रोग्राम चढवला, माझी हार्ड डिस्क एका निळ्या पोर्टात खुपसली आणि म्हणाला, "आता एखादी मोठी फाइल टाका."

मी टाकली. पडद्यावरची हिरवी पट्टी सरसर पुढे सरकली तेव्हा मी अजून खुर्ची ओढून नीट बसतच होते. मी परत टाकली. परत तेच. तिसऱ्यांदा मी घड्याळ लावलं. पंधरा-सोळा मिनिटांचं काम चार मिनिटांत. भर दुकानात मी टाळी वाजवली, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"दोन्ही पोर्ट एकदम वापरलेत तर कार्डाला वीज पुरणार नाही," दुकानदार सांगत होता. "ही बारीक वायर ठेवा. हिचं टोक इथं कार्डाच्या कडेच्या भोकात, दुसरं लॅपटॉपच्या जुन्या पोर्टात." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष हिरव्या पट्टीकडे होतं.

बाहेर येऊनच मी हुंगला फोन लावला. "या लग्नात कॅमेरा बंद करायचा नाही. फापटपसारा हवाय मला. सगळा."

"ताप आलाय का तुला?" तो म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लिआओकाकू आल्या. नवरा धडधाकट, दोन मुलगे, सासूसुद्धा हयात, असं सगळं भरलेलं असलेल्या बाईला आमच्याकडे लग्नाचे विधी चालवायला बोलावतात, आणि आमच्या गल्लीत तो मान लिआओकाकूंचा. जोड-आनंदाचं शुभ चिनी अक्षर कापलेल्या लाल कागदांचा गठ्ठा घेऊन त्या घरभर फिरल्या. बॅगा, तसराळं, चपलांचा खोका, फ्रिज, हुंगचे स्टँड, जे दिसेल त्यावर कागद. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "हे चकाकतंय ते नवीन का?"

"कार्ड आहे, काकू. त्याला नको."

"लग्नाच्या घरात नवी वस्तू आणि उघडी ठेवतेस?" चटकन एक छोटा लाल कागद कार्डाच्या कडेला बसला. "आणि चिनच्युए, उद्याचं तुला सांगायला नको."

"मग सांगता कशाला?"

"तू पोरीची आई झालीस म्हणून सांगते. आईचा पाय आधी आत ओढतो."

मी असल्या गोष्टी मानत नाही, असं मी गावभर सांगत असते. पण युथिंगच्या संसारावर पैज कोण लावणार? मी तरी नाही.

सकाळी आठपासून मी समोरच्या थू मिस्त्रीच्या स्कूटर-दुरुस्तीच्या दुकानात होते. शटर अर्धं ओढलेलं, माझी पाठ रस्त्याकडे. नवऱ्याच्या गाड्या आल्या, फटाके वाजले, पोरींनी दारात अडवून त्याला उठाबशा काढायला लावल्या, हे सगळं मी कानांनी ऐकलं. मग घर एकदम शांत झालं. निरोप चालू झाला असणार. थू मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला, म्हणजे मला वाटेल तसं तोंड करता यावं. चांगला माणूस आहे.

साडेनऊला पुन्हा फटाके. गाडी हलली. "रीतीचा हातपंखा टाकला तिने खिडकीतून!" थू मिस्त्री मला सांगू लागला. "तुमच्या दादांनी गाडीमागे पाणी ओतलं. मागे नाही बघितलं पोरीने, ताई. अजिबात नाही."

"बघायचंच नसतं," मी म्हणाले.

हुंग घामाघूम धावत आला. दोन कॅमेऱ्यांची दोन मेमरी कार्डं त्याने माझ्या हातावर ठेवली. "भरलीत काठोकाठ. घे तुझा फापटपसारा."

नवऱ्याच्या गावाचं नाव श्युएच्या, गाडीने चाळीस मिनिटं. मांडवात पडदा साडेबाराला चालू व्हायचा होता. म्हणजे साडेअकराला निघायलाच हवं. हातात दोन तास, त्यात फिल्म उभी करायची. मी एका निळ्या पोर्टात मेमरी कार्ड वाचायचं यंत्र लावलं, दुसऱ्यात हार्ड डिस्क. हिरवी पट्टी उमटली, दोन बोटं पुढे गेली. डिस्क टिक-टिक-टिक बोलली आणि तिचा दिवा विझला.

पुन्हा लावलं. टिक-टिक. विझली.

"मेली?" हुंग म्हणाला.

"तोंड बंद ठेव." दुकानात मी एकदाही दोन्ही पोर्ट एकदम लावून पाहिले नव्हते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. वीज! बारीक वायर! पिशवी उलटी केली, वायर होती. एक टोक जुन्या पोर्टात गेलं. दुसरं टोक घेऊन मी कार्डाची कड चाचपू लागले. भोकच नाही.

"असायला हवं. त्याने दाखवलं होतं मला, इथंच."

हुंग वाकला आणि मटकन खाली बसून हसायला लागला. "लिआओकाकूंनी आशीर्वाद दिलाय त्याच्यावर."

लाल कागद. ऐन भोकावर.

मी नख लावलं. आणि थांबले. लग्नाच्या दिवशी जोड-आनंद उपटायचा? तोही तिची गाडी अजून वाटेत असताना? हुंगचं हसूही थांबलं. त्यालाही ते करवेना.

"फाडू नका," थू मिस्त्री म्हणाला. त्याने कार्ब्युरेटर साफ करायची सुई आणली, कागदावरून बोट फिरवून खळगी शोधली आणि अक्षराच्या बरोबर मधोमध एक गोल भोक पाडलं. कागद जागच्या जागी. वायरीचं टोक आत गेलं. डिस्कचा दिवा लागला. लागलेलाच राहिला.

आणि हिरवी पट्टी निघाली! थांबायचं नावच घेईना. आम्ही तिघं स्कूटरच्या टायरांवर बसून ती पट्टी बघत होतो. हुंग मोठ्याने आकडे वाचत होता, "वीस टक्के... तीस... अगं चाळीस!" पहिलं मेमरी कार्ड सात मिनिटांत रिकामं, दुसरं आठ. सव्वा तासाचं काम पाव तासात! मी हुंगच्या टकलावर थापटी मारली, थू मिस्त्रीला मिठी मारली, आणि त्याच्या हातांचं काळं तेल माझ्या लग्नातल्या ब्लाउजला लागलं तरी मी हसतच होते.

मग बोटं चालू लागली. दारातल्या उठाबशा, फटाके, नवऱ्याचा गोंधळलेला चेहरा, आरशापुढे युथिंग. दादा हात धरून तिला उठवतो तो क्षण. मी डोळे पुसत क्लिपा कापत गेले, कारण धंदा म्हणजे धंदा. अकराला पाच मिनिटं असताना फिल्म तयार. आजवर इतक्या लवकर कधीच झाली नव्हती.

"शेवटची क्लिप बघितलीस?" हुंगने विचारलं. तो मघापासून माझ्या मागे घुटमळत होता.

"कुठली? दादा तिच्या चेहऱ्यावर जाळी सोडतो तीच शेवटची ना?"

"जाळीच्या आधीची एक आहे. वेगळी ठेवलीय, यादीच्या शेवटी. नेहमीसारखं असतं तर मी कॅमेरा तेव्हाच बंद केला असता." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तूच म्हणालीस, बंद करू नकोस."

मी ती उघडली.

दादाने जाळी उचलली होती. युथिंग म्हणाली, "बाबा, थांबा," आणि वळली. सरळ कॅमेऱ्याकडे. पांढऱ्या झग्याचा घेर दोन्ही हातांनी सावरत ती गुडघ्यांवर बसली.

"अगं, तिकडे कुणाला नमस्कार?" लिआओकाकूंचा आवाज.

"आत्याला."

"आत्या बाहेर आहे! वाघाची आहे ती!"

"म्हणून तर इकडून करतेय. कॅमेऱ्याचं साल कुठलं, काकू?"

कुणीतरी खुदकन हसलं. दादाच असावा. युथिंगने कपाळ जमिनीला टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग मान वर करून ती भिंगात बघू लागली, म्हणजे माझ्याकडे.

"आत्या, हुंगकाका म्हणाले या वेळी तू सगळं बघणार आहेस. म्हणून हे तुझं. मी रात्री पाठ केलं होतं, पण आता काहीच आठवत नाहीये. मी जाते गं."

आणि ती तशीच बसून राहिली.

"ऊठ आता, मुहूर्त चाललाय," लिआओकाकू म्हणाल्या.

"मोठ्यांनी उठवल्याशिवाय उठायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

कुणी तिला उठवायला पुढे आलं नाही. दादा नाही, काकू नाहीत. ती गुडघ्यांवर बसून वाट बघत होती. मी लॅपटॉपच्या पडद्याच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. मला माहीत होतं की हे होऊन दीड तास झालाय, आता ती श्युएच्याला पोचून दुसरा पोशाखही घालत असेल. तरीपण थू मिस्त्रीच्या दुकानात, स्कूटरच्या टायरावर बसून, मी मोठ्याने म्हणाले, "ऊठ गं राणी. सुखी राहा."

पडद्यावर युथिंग हसली आणि उठली.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि तेवढ्याच जोरात हसले. हुंग स्कूटरच्या आरशात बघत नाक पुसत होता.

"निघायचं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"अजून वेळ आहे," मी म्हणाले. तयार फिल्म परत उघडली आणि ती क्लिप, लिआओकाकूंच्या ओरडण्यासकट, कुठेही न कापता अख्खी जोडली.